पंधरा पिनांचा सांधा

घनसावंगीचे नाव उच्च शिक्षणाच्या सरकारी कागदांत आले ते एका टक्केवारीमुळे. २००१च्या जनगणनेच्या आधारे केंद्राने हिशेब मांडला, तेव्हा महाविद्यालयीन वयाच्या मुलामुलींपैकी प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचे देशातले प्रमाण १२.४ टक्के निघाले. या सरासरीच्या खाली असलेले ३७४ जिल्हे शैक्षणिकदृष्ट्या मागास ठरले. महाराष्ट्रातले त्यात सात होते : बुलढाणा, गडचिरोली, हिंगोली, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि जालना. अशा प्रत्येक जिल्ह्यात एक आदर्श महाविद्यालय काढायचे, अशी विद्यापीठ अनुदान आयोगाची योजना अकराव्या पंचवार्षिक काळात आली आणि जालना जिल्ह्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे मॉडेल कॉलेज घनसावंगीला उभे राहिले. या योजनेतली एक तरतूद पुढच्या सगळ्या विवेचनाची किल्ली आहे, म्हणून आधी सांगतो. एका महाविद्यालयाचा भांडवली खर्च ८ कोटी रुपये धरला होता आणि त्यातला एक तृतीयांश, म्हणजे जास्तीत जास्त २ कोटी ६७ लाख, केंद्र देणार होते. रोजचा खर्च, म्हणजे पगार, देखभाल, मोडले ते दुरुस्त करणे, हा ज्याचा त्याने बघायचा. उभारणीला वाटेकरी होते, चालवण्याला नव्हते. सभागृहातल्या पडद्याला लॅपटॉप जोडताना जी पाच-दहा मिनिटे जातात, ती या विभागणीच्या पोटातून आलेली आहेत असे माझे म्हणणे आहे. पडदा आणि वक्ता यांच्यामधला सांधा कोणाच्याच खात्यावर पडला नाही. तो कायम असा बेवारस नव्हता, हे मात्र मागे जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

भिंतीवर उजेडाने चित्र पाडून त्यावर बोलायचे, ही रीत जुनी आहे. ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६५९च्या सुमारास जादूचा कंदील बनवला आणि पुढच्या दोन शतकांत तो धर्मप्रचारक, वैद्य, प्रवासी व्याख्याते अशा सगळ्यांच्या हाती गेला. मराठी मुलखात त्याला स्वतःचे नाव मिळाले ते कल्याणमध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आपल्या खेळाला 'शांबरिक खरोलिका' म्हटले. शंबर हा मायावी असुर, खरोलिका म्हणजे दिवा. काचेच्या पट्ट्यांवर बारीक कुंचल्याने रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रे, त्या पट्ट्या भराभर सरकवून आणलेला हालचालीचा भास आणि सोबत निवेदन व गाणी, असा तो खेळ होता. पटवर्धनांच्या मुलांनी तो पुढे चालवला. माझ्या दृष्टीने त्यात महत्त्वाची गोष्ट चित्रांच्या नजाकतीहून वेगळी आहे. चित्र काढणारे, दिवा सांभाळणारे, पट्टी सरकवणारे आणि कथा सांगणारे हे सगळे एकाच घरातले, एकाच मंडळीतले होते. दिव्याची वात कधी वर करायची आणि कोणत्या वाक्याला कोणती काच यायची, हे एकमेकांना माहीत असणे हाच त्यांचा व्यवसाय होता. बोलणे आणि दाखवणे यांच्यात फट राहायला जागाच नव्हती.

पुढे खेळाची जागा शिक्षणाने आणि सरकारी प्रचाराने घेतली, तरी मधला माणूस टिकला. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १९१०नंतर जी ग्रंथालय चळवळ उभी राहिली, तिच्यात पेटीतून फिरणाऱ्या ग्रंथालयांच्या जोडीला दृश्य शिक्षणाची एक स्वतंत्र शाखा होती. चित्रे, कंदील आणि चलच्चित्रे खेड्यापर्यंत नेणे हे त्या शाखेचे नेमून दिलेले काम होते. स्वातंत्र्यानंतर १९४८मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले आणि प्रचाराच्या मोटारी गावोगाव फिरू लागल्या. चावडीसमोर किंवा शाळेच्या पटांगणात पांढरे कापड बांधायचे, १६ मिलीमीटरचे यंत्र लावायचे, वीज नसेल तर जनित्र सुरू करायचे, आणि मग कुटुंबनियोजन, देवीची लस, सुधारित बियाणे यांवरच्या फिल्म दाखवायच्या. त्या मोटारीत ऑपरेटर असे. तुटलेली फिल्म कापून पुन्हा चिकटवणे आणि उडालेला दिवा बदलणे यांसाठी त्याला पगार होता. जत्रेतल्या तंबूच्या टॉकीजमध्येही तिकीट विकणारा वेगळा आणि मशीन चालवणारा वेगळा. म्हणजे जवळपास सत्तर वर्षे, पडदा कोणाचाही असो, दाखवणारा हात कोणाचा हे ठरलेले होते.

घनसावंगी १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होती, अंबड तालुक्यात. तिथल्या शाळेची भाषा उर्दू, आणि उच्च शिक्षणाची वाट १९१८मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाकडे, म्हणजे हैदराबादकडे जाणारी. १७ सप्टेंबर १९४८ला ते राज्य भारतात आल्यावर चित्र पालटले. १९५०मध्ये औरंगाबादला डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय निघाले, तेच पुढचे मिलिंद. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. जालना १ मे १९८१ला वेगळा जिल्हा झाला आणि अंबडमधून घनसावंगी हा स्वतंत्र तालुका त्यानंतर निघाला. या तारखा एकापाठोपाठ ठेवल्या की एक गोष्ट दिसते. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांनी कंदील, एपिडायस्कोप, स्लाइड प्रोजेक्टर, ओव्हरहेड प्रोजेक्टर अशा पायऱ्या एकेक पिढी घेऊन चढल्या. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांना एवढा वेळ मिळाला नाही. मधल्या पायऱ्या तिथे कुठे अर्ध्या आल्या, कुठे आल्याच नाहीत. फळ्यावरून थेट लॅपटॉपवर यावे लागले, आणि पायऱ्या चढताना माणसे जे हाताने शिकतात ते शिकण्याची संधी हुकली.

गाळलेल्या पायऱ्यांतली ओव्हरहेड प्रोजेक्टरची पायरी विशेष चांगली होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने प्रशिक्षणासाठी ते यंत्र वापरले आणि साठच्या दशकापासून ते जगभरच्या वर्गांत गेले. वर्गात दिवे चालू असतानाही चित्र दिसे, शिक्षकाला मुलांकडे पाठ करावी लागत नसे. आणि मराठी शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट अशी की पारदर्शक कागदावर स्वतःच्या हाताने लिहिता येई. 'क्ष' आणि 'ज्ञ', रफार आणि वेलांटी, जसे लिहाल तसेच पडद्यावर. कागद शिक्षकाच्या पिशवीत, दिवा महाविद्यालयाचा, आणि दोन्हींचे नाते इतके साधे की कागद काचेवर ठेवला की काम झाले. त्याच्यात बिघडण्यासारखे काही असेल तर तो बल्ब. वेगळ्या माणसाची गरज न ठेवता सांधा सुटू न देणारे हे एकमेव यंत्र, असे मी म्हणेन. ते आपल्याकडे जेमतेम रुजते आहे तोच निवृत्त झाले.

त्या निवृत्तीची सुरुवात १९८७मध्ये झाली. त्या एका वर्षात चार गोष्टी घडल्या आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे असे तेव्हा कोणाला वाटणे शक्य नव्हते. एप्रिलमध्ये आयबीएमने आपल्या नव्या संगणकांबरोबर व्हीजीए ही चित्राची जोडणी आणली. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीने मॅकिन्टॉशसाठी पॉवरपॉइंट बाजारात आणले आणि काही महिन्यांत मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी सूक्ष्म आरशांची ती चिप बनवली जिच्यावर आजचे पुष्कळ प्रोजेक्टर चालतात. आणि भारतात १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार खडू-फळा मोहीम सुरू झाली : प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचे किमान साहित्य. जगात पडद्याची भाषा ठरत होती त्याच वर्षी आपण प्रत्येक शाळेत फळा पोचावा म्हणून धडपडत होतो. ही मोहीम योग्यच होती, तिच्याबद्दल मला आदर आहे. ती करणाऱ्यांना निदान एवढे कळले होते की फळा म्हणजे नुसता फळा नसतो. खोली, शिक्षक आणि खडू मिळून फळा होतो. पंचवीस वर्षांनी पडदे वाटले गेले तेव्हा हे शहाणपण मागे पडले.

पॉवरपॉइंटनेही सुरुवातीला कागद आणि स्लाइड छापण्याचेच काम केले. ते ओव्हरहेडसाठी पारदर्शिका बनवण्याचे साधन होते. लॅपटॉप थेट प्रोजेक्टरला जोडून सादरीकरण करण्याची रीत नव्वदच्या दशकात आली. पॉवरपॉइंटचे जनक रॉबर्ट गॅस्किन्स यांनी फेब्रुवारी १९९२मध्ये पॅरिसच्या एका हॉटेलात असे सादरीकरण करून दाखवले, तेव्हा प्रोजेक्टर म्हणजे एक धूडच होते. त्या क्षणी एक जुने नाते तुटले. पटवर्धनांच्या काचा आणि दिवा एका मालकीचे होते, १६ मिलीमीटरची फिल्म आणि यंत्र एका मोटारीतले होते. आता चित्र ठेवणारे यंत्र वक्त्याचे आणि चित्र दाखवणारे यंत्र संस्थेचे झाले. दोन्ही वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कंपन्यांकडून, वेगवेगळ्या पैशातून आलेली. त्यांची गाठ पडणार ती कार्यक्रमाच्या दिवशी, टेबलावर, एका वायरीच्या भरवशावर.

ती वायर कशी आहे ते नीट पाहावे, कारण 'वायर बदला' एवढ्या दोन शब्दांत तिची बोळवण केली जाते. व्हीजीएच्या टोकाला तीन ओळींत पाच-पाच अशा पंधरा पिनांची जागा असते. त्यांतल्या तीन पिना लाल, हिरवा आणि निळा रंग वेगवेगळा वाहून नेतात, दोन चित्राच्या आडव्या-उभ्या ओळींचा ताल राखतात. निळ्याची पिन वाकली की पडदा पिवळा पडतो. लालची तुटली की चेहरे निळसर-हिरवे दिसतात. म्हणजे नुसत्या रंगावरून दोष कुठे आहे हे सांगता येते, कोणी सांगणारा असेल तर. १९९४पासून आणखी दोन पिनांना काम मिळाले : पडद्याने लॅपटॉपला स्वतःची ओळख सांगायची, माझी रुंदी एवढी, उंची एवढी, एवढ्या वेगाने चित्र पाठव. स्वस्त वायरीत या दोन पिनांचे धागे पुष्कळदा नसतातच. मग लॅपटॉपला समोर कोण आहे हे कळत नाही आणि तो अंदाजाने चित्र पाठवतो किंवा पाठवतच नाही. छतावरच्या प्रोजेक्टरपर्यंत भिंतीतून पंधरा-वीस मीटर वायर गेली की अक्षरांना सावल्या येतात. डिसेंबर २०१०मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो, सॅमसंग, एलजी या कंपन्यांनी जाहीर केले की २०१५पर्यंत आपण व्हीजीए सोडणार. मराठवाड्यातल्या अनेक सभागृहांत तेव्हा कुठे भिंती फोडून व्हीजीएची वायर टाकली जात होती. लॅपटॉप एचडीएमआयवर गेले, मग काही त्याहूनही बारीक यूएसबी-सीवर गेले, आणि भिंतीतली वायर राहिली जिथल्या तिथे. व्हीजीएला दोन बाजूंना स्क्रू होते, टेबल हलले तरी टोक सुटत नसे. एचडीएमआयला तेही नाहीत. मधे बोटभर कन्व्हर्टर आला, आणि तो ज्याच्या दप्तरात असेल त्याचेच व्याख्यान वेळेवर सुरू होऊ लागले. जालन्याला जाऊन यायचे तर अर्धा दिवस मोडतो. अशा गावात एका कन्व्हर्टरची किंमत दुकानातल्या किमतीपेक्षा बरीच मोठी असते.

इथे कोणी म्हणेल, एवढा जोडणीचा खटाटोप कशाला? पेन ड्राइव्ह आणावा, सभागृहाच्या संगणकाला लावावा, फाइल उघडावी. इंग्रजीत शिकवणाऱ्यासाठी हा उपाय खरोखरच पुरेसा होता. मराठीत शिकवणाऱ्यासाठी नव्हता, आणि त्याचे कारण या सगळ्या इतिहासातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. संगणकावर मराठी आली ती मुख्यतः पुण्यातून, सी-डॅक या सरकारी संस्थेच्या फॉन्टांच्या आणि मॉड्युलर कंपनीच्या श्रीलिपीच्या रूपाने, आणि त्या कामाचे ऋण मोठे आहे. पण त्या पिढीतल्या प्रत्येक फॉन्टची आतली मांडणी वेगळी होती. ज्या क्रमांकावर एका फॉन्टमध्ये 'म', त्याच क्रमांकावर दुसऱ्यात अर्धा 'श', आणि फॉन्टच नसेल तर इंग्रजी चिन्हांचा ढिगारा. प्राध्यापकाने रात्री घरी बसून ज्ञानेश्वरीच्या भाषेवर किंवा गोदावरी खोऱ्याच्या मृदेवर वीस स्लाइड केल्या, सकाळी पेन ड्राइव्ह लावला आणि पडद्यावर एकही अक्षर वाचता येईना, ही त्या वर्षांतली सर्वसाधारण गोष्ट होती. प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून होती, विंडोजमध्ये २०००च्या सुमारास आली; परंतु टंकलेखनाची सवय, डीटीपीची दुकाने, विद्यापीठांचे छापखाने, सगळे जुन्या फॉन्टांवर बसलेले होते आणि ते हलायला आणखी दहा-पंधरा वर्षे लागली. या काळात मराठीतून शिकवणाऱ्याला एकच खात्रीचा मार्ग होता : स्वतःचा लॅपटॉप आणणे आणि तो पडद्याला जोडणे. कारण पेन ड्राइव्ह अक्षरे नेतो, वायर चित्र नेते. ज्या यंत्रात फॉन्ट आहे त्याच यंत्राने अक्षर रंगवून पाठवले, की पलीकडच्या प्रोजेक्टरला ती मराठी आहे की तमिळ हे कळण्याची गरज उरत नाही. पटवर्धनांच्या काचेवर रंगवलेला राम जसा दिव्याला ओळखावा लागत नव्हता, तसेच. म्हणून म्हणतो, लॅपटॉपची जोडणी ही सगळ्यांसाठी सोय असेल, मराठीसाठी ती गरज होती. आणि गरज होती त्याच जागी, तालुक्याच्या मराठी माध्यमाच्या महाविद्यालयात, सांधा सर्वांत कच्चा राहिला.

विजेचा प्रश्न याहून थोडक्यात सांगता येईल, कारण तो सगळ्यांनी भोगलेला आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात ग्रामीण मराठवाड्याने दिवसाचे बारा-बारा तास भारनियमन काढले. वीज गेली तर लॅपटॉप आपल्या बॅटरीवर जिवंत राहतो, प्रोजेक्टर मरतो. प्रोजेक्टरच्या आतला दिवा पाऱ्याच्या वाफेचा, सुमारे दोनशे वॅटचा आणि अतिशय तापणारा. नीट बंद केला तर पंखा त्याला थंड करतो. वीज अचानक गेली तर पंखाही थांबतो आणि दिवा स्वतःच्याच उष्णतेत भाजत राहतो. वीज लगेच परत आली तरी तो काही मिनिटे पेटत नाही. दोन-तीन हजार तासांचे आयुष्य सांगितलेला दिवा असे झटके खात लवकर संपतो, आणि नव्या दिव्याची किंमत ऐकून पुष्कळ संस्था प्रोजेक्टर कपाटात ठेवून देतात. खेडोपाडी फिरणाऱ्या मोटारीत जनित्र का असे, आणि ते चालवणारा का असे, याचे उत्तर इथे मिळते.

आता मुद्दा पैशाचा आणि मोजणीचा. केंद्राची राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान ही योजना, म्हणजे रूसा, २०१३मध्ये आली आणि आदर्श महाविद्यालयांची योजनाही तिच्यातच सामावली. रूसाने महाविद्यालयांना पायाभूत सोयींसाठी दोन-दोन कोटी दिले आणि त्यांची विभागणीही ठरवून दिली : ३५ टक्के नव्या बांधकामाला, ३५ टक्के जुन्या वास्तूच्या दुरुस्तीला, ३० टक्के साधनांना. तिन्ही खाती वस्तूंची. १९९४मध्ये स्थापन झालेली नॅक मूल्यांकनाला येई तेव्हा विचारत असे की वर्गखोल्या आणि सभागृहे यांपैकी किती ठिकाणी आयसीटीची, म्हणजे माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाची, सोय आहे. उत्तर आकड्यात द्यायचे असे. छताला प्रोजेक्टर टांगलेला असला की ती खोली मोजली जाई. त्या प्रोजेक्टरवर गेल्या महिन्यात किती तास झाले, हे त्या आकड्यात येत नसे. महाविद्यालयाच्या पदांच्या आकृतिबंधात ग्रंथपाल असतो, प्रयोगशाळा सहाय्यक असतो, परिचर असतो. ग्रंथ आले तेव्हा ग्रंथपाल आला, प्रयोगशाळा आली तेव्हा तिचा सहाय्यक आला. पडदा आला तेव्हा त्याचा माणूस आला नाही. ते काम शिपायाकडे, संगणक विभागातल्या तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाकडे, किंवा 'त्याला जमतं' अशा एखाद्या विद्यार्थ्याकडे न सांगता गेले. मी यात कोणा एका प्राचार्याला किंवा संस्थेला दोष देत नाही. ज्याची मोजणी होते त्यावर खर्च होतो, आणि सांधा मोजलाच जात नव्हता.

यावरचा सर्वांत जोरदार आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मराठवाड्यातल्या जुन्या शिक्षकांकडून येतो म्हणून त्याचा मान राखायला हवा. ते म्हणतात, आम्ही फळ्यावर शिकवले आणि या भागातून डॉक्टर, इंजिनिअर, न्यायाधीश घडले. पडद्यावाचून काय अडले? यातले अर्धे मला पटते. गणिताची सिद्धता फळ्यावर एकेक ओळ उमटताना जशी कळते तशी तयार स्लाइडवर कळत नाही, आणि स्लाइड वाचून दाखवणे म्हणजे शिकवणे नव्हे. पण हा आक्षेप जिथे प्रयोगशाळा, संग्रहालय, नकाशांचा संग्रह हाताशी आहे तिथून केला तर वेगळा आणि घनसावंगीतून केला तर वेगळा. कपाशीच्या बोंडात शिरलेली गुलाबी अळी कोणत्या अवस्थेत आहे हे खडूने काढता येत नाही. वेरूळच्या सोळाव्या लेण्याची रचना हाताने रेखाटून दाखवणारा शिक्षक शंभरात एक. शहरातल्या मुलाला पडदा चुकला तर आणखी चार जागी तेच चित्र भेटते. तालुक्याच्या गावी तो तास हाच कदाचित एकमेव प्रसंग. आणि तो तास ज्यांच्यासाठी घरातल्या पहिल्या पदवीकडे नेणारा आहे त्यांची संख्या या जिल्ह्यात मोठी आहे. २०११च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर असताना जालन्याची ७२च्याही खाली होती. शेतकऱ्याला सांध्याचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. बैल तगडा आणि औत नवे असले तरी जुवातली शिवळ निसटली की तास थांबतो, म्हणून जास्तीची शिवळ जवळ ठेवलेली असते.

राहिला हा आक्षेप की एवढ्या बारीक गोष्टीला इतिहासात जागा कशाला. त्याला उत्तर याच तालुक्यातून देता येते. समर्थ रामदासांचा जन्म १६०८मध्ये जांबेला झाला, ते जांब समर्थ आज घनसावंगी तालुक्यात आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. परमार्थाच्या ग्रंथात समर्थांनी अक्षर वळणदार आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखे कसे असावे हे सांगितले, आणि तिथेच न थांबता बरू कोणता घ्यावा, टाक तोडण्याची हत्यारे, शाई, रेघा आखण्याची साधने यांचीही दखल घेतली. वाचणाऱ्यापर्यंत शब्द ज्या वस्तूंच्या आधाराने पोचतो त्या वस्तू त्यांना क्षुद्र वाटल्या नाहीत. सतराव्या शतकात टाक तोडण्याची तऱ्हा ज्ञानाच्या कक्षेत येत असेल, तर एकविसाव्या शतकातल्या महाविद्यालयात वायरीच्या टोकाची तऱ्हा तिच्या बाहेर ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

बिनतारी जोडणीने हा प्रश्न संपेल, असे २०१२पासून ऐकू येते. तेव्हा लॅपटॉपचे चित्र हवेतून पडद्याला पाठवण्याची मिराकास्ट ही पद्धत आली. ती जिथे दोन्ही यंत्रे नवी आहेत तिथे चालते. जुना प्रोजेक्टर आणि नवा लॅपटॉप यांच्यामधे तिला पुन्हा एक पेटी लागते, म्हणजे सांधा जातो तो परत येतोच. आता शाळा-महाविद्यालयांत मोठे स्पर्शफलक बसत आहेत. त्यांच्या पोटात संगणक आहे, दिवा भाजण्याचे भय नाही, युनिकोडमुळे मराठी फाइल बहुतेक सरळ उघडते. चित्र ठेवणारे आणि दाखवणारे यंत्र पुन्हा एक झाले, पटवर्धनांच्या मंडळीत होते तसे. ही सुधारणा खरी आहे आणि तिचे स्वागत करावे. तरीही जिल्हा ग्रंथालयातून, कृषी विज्ञान केंद्रातून किंवा विद्यापीठातून पाहुणा येतो तो आपली चित्रे, आपली आकडेमोड, आपली अर्धवट दुरुस्त केलेली स्लाइड आपल्याच लॅपटॉपात घेऊन येतो, आणि तशीच दाखवू इच्छितो. म्हणून त्या नव्या फलकाच्या कडेला, बोटांनी चाचपल्यावर सापडेल अशा जागी, बनवणाऱ्यांनी एचडीएमआयची खाच ठेवलेली आहे. तिच्यात घालायची वायर खरेदीच्या यादीत वेगळी लिहावी लागते.